तोंड लपवलं, हाक राहिली

कॉलेजच्या लघुपट स्पर्धेला तीन विषय होते: स्थलांतर, भ्रष्टाचार आणि दडपशाही. त्यातला एकच निवडायचा होता. मला तिन्ही माझ्या मामाकडेच सापडले आणि मी हुरळून गेले. मामा मेंढरं घेऊन वर्षातले बरेच महिने रानोमाळ फिरतो. पिंपरी पेंढारच्या बाजूला डोंगरात चारायचं म्हटलं, की जंगलाचा गार्ड दर खेपेला एक कोकरू उचलून नेतो. घरात हे सगळ्यांना ठाऊक, पण बाहेर ब्र काढायची सोय नाही.

“बोलतो मी, पोरी,” मामा म्हणाला, “पर माझं त्वांड दिसाया नगं, आन आवाज बी वळखू येता कामा न्हाई. मला परत ह्याच डोंगराला यायचंय.”

मी मोठ्या तोऱ्यात शब्द दिला. त्याला पाठमोरं दाखवलं. त्याचं बोलणं वर्गातल्या एका मुलाच्या आवाजात भरलं. शेवटी मेंढरं उतारावरून खाली येतात आणि मामा त्यांना हाक घालतो, तेवढं मात्र तसंच ठेवलं. “इतकी भारी हाक कोण कापतं?” आवाजाचं काम बघणारा मित्र म्हणाला, आणि मलाही पटलं. धनगराच्या घरातली मी! प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते, दोन कळप मिसळले तरी मेंढरं आपापल्या धन्याच्या हाकेवर निघून येतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण तेव्हा डोक्यात फक्त पहिला नंबर होता.

आळेफाट्याजवळच्या एका हॉलमध्ये भर दुपारी सगळ्यांचे लघुपट दाखवले. गावोगावचे पालक आले होते. आमचा लघुपट संपत आला, मामाची हाक घुमली आणि मागून एक बाई खुशीत ओरडली, “अगं बया, ह्यो तर आमच्या वावरात खताला मेंढरं बसवतो त्योच की!”

लोक हसले, टाळ्याही पडल्या. मी मात्र वळून दाराकडे बघितलं. तिथे खाकी कपड्यातला जंगलखात्याचा एक माणूस उभा होता. तो हसत नव्हता, मान वळवून त्या बाईकडे बघत होता.

बक्षिसांना न थांबता मी स्कूटी काढली आणि डोंगरातला मामाचा तळ गाठला. सगळं ऐकून मामा उठला. मामीला एवढंच म्हणाला, “पालं सोड.”

“मामा, शिव्या तरी दे मला.”

“शिव्या दिऊन काय व्हनार? कोकरं धर.” घोड्यावर बिऱ्हाड लादताना तो सारखा खालच्या वाटेकडे बघत होता. मामाला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझी भीती दुप्पट झाली. “कुणी इचारलं तर मी तुझा कुणी न्हाई. म्हनशील न्हवं तसं?”

मी मान हलवली.

परत निघाले तर खालच्या वळणावर तोच खाकीतला माणूस मोटारसायकल आडवी लावून उभा. त्यानं हात केला. मी थांबले.

“पिक्चर लई भारी केलाय, ताई. ते मेंढरंवालं तुमचं कोन?”

“कोणी नाही.”

“मामा न्हाईत तुमचं?”

“मला मामाच नाही,” मी म्हणाले.

“आसं व्हय.” त्यानं हसून गाडीला किक मारली. “वढणीला लोकर लागलीया तुमच्या.”

आणि मी आले होते त्याच वाटेनं तो वर गेला.