घोळ म्हणून ओढलेली मुशी

आमच्या गावात जाळं ज्याच्या कमाईचं, त्याला विचारल्याशिवाय कापत नाहीत. तारापूरजवळच्या किनाऱ्यावर आमचं घर आहे. सुके बोंबील बोईसरच्या बाजारात विकून मी जाळं घेतलं होतं. नवरा आणि दीर ते घेऊन समुद्रात जात.

त्या सकाळी मी सासूबाईंबरोबर वलांडीच्या बांबूंवर बोंबील सुकायला टांगत होते. बोटीवरून नवऱ्याचा फोन आला. "जाळं लय जड हाय. घोळ लागली वाटतं!"

घोळ मासा सोन्याच्या भावाने जातो; एक लागली तरी आमच्याकडे वर्षाचं भलं होतं. मी शेजारणीला लगेच सांगून टाकलं.

"आता जेवण घाल गो सगळ्यांना," ती म्हणाली.

"घालते की. तू भांडी घासायला ये."

थोड्याच वेळात पुन्हा फोन. "घोळ नाय. ठिपक्यांची मोठी मुशी हाय, बोटीएवढी. गुरफटलीय. जाळं कापू का?"

शहरात हिलाच व्हेल शार्क म्हणतात. तिला मारायला बंदी आहे, हे आम्हाला माहीत आहे. पण जाळं कापलं तर हंगामाचं काय, हेही माहीत होतं. फोनमध्ये मागून दिराचा आवाज आला, "थांब वयनी, दमली की आपसूक सुटेल."

दमली म्हणजे मेली, हे त्यालाही कळत होतं.

सासूबाईंनी हातातले बोंबील खाली ठेवले. त्यांच्या तरुणपणी ही मुशी काठावर ओढून आणत, काळजाचं तेल काढत आणि बोटींच्या लाकडाला फासत. कढईपाशी त्या स्वतः बसलेल्या. "ती कोणाला चावत नाय गो," त्या म्हणाल्या. "तोंड उघडून पाणी गाळते, तेवढंच. तवा किती दिसायच्या. आमीच संपवल्या."

"कापा," मी फोनवर म्हणाले. "आणि आधी फोटो काढा."

अशी मुशी सोडवताना फाटलेल्या जाळ्याची सरकारकडून भरपाई मिळते, पण त्याला फोटो लागतो. यांनी काढला. त्यात फेस आहे आणि यांचा अंगठा. मुशी कुठेच नाही. भरपाईचा विषय तिथेच संपला.

बोट काठाला लागली तेव्हा जाळ्यात बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं. दीर जाळं उतरवायला लागला. मग म्हणाला, "सुटली तशी जरा थांबली बोटीशेजारी. मग खाली गेली." आणि सगळ्यांत आधी सुई घेऊन तोच वाळूत बसला. दुपारपर्यंत शेजारची माणसं न बोलावता जाळं विणायला आली. शेजारीणही आली, "जेवण राहिलंच की," म्हणत. मी भात आणि बोंबलाचं कालवण केलं. भांडी तिने घासली.

त्या हंगामात आमची कमाई बेताचीच झाली. तरी वाईट वाटलं नाही. मला न विचारता यांना तासभर थांबता आलं असतं, आणि मुशी मेल्यावर जाळं अख्खं घरी आलं असतं. यांनी वेळेवर फोन केला, याबद्दल मी यांची आभारी आहे. तसं यांना बोलून दाखवलेलं नाही.