दोन्ही टोकांची माणसं

गल्लीत तिला सगळे ताईच म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. वडिलांचा फोटो स्टुडिओ ती आणि तिची धाकटी बहीण मिळून चालवायच्या. धाकटी गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची; कॅमेरा मात्र ताईचा. ती शाळकरी असताना एक पाहुणा म्हणाला होता, "पोरीच्या हातात कसला कॅमेरा?" ताईने त्यालाच स्टुलावर बसवलं आणि त्याचा असा काही फोटो काढला, की पुढे लग्न जमवताना तो सगळीकडे तोच दाखवत फिरला. एकदा मनात घेतलं की ताई हटायची नाही. धाकटीने तिचं नावच ठेवलं होतं, खुंटा.

स्टुडिओची खोली आखूड. मागच्या भिंतीवर पडदा, त्या भिंतीपलीकडे बंद पडलेली अंधारखोली, आणि समोर काचेचं दार. एवढ्याशा जागेत वडिलांच्या फिल्मच्या कॅमेऱ्याने कितीतरी कुटुंबांचे फोटो निघाले होते, पन्नास मिलिमीटरच्या एकाच लेन्सवर. मग त्या कॅमेऱ्याचं शटर गेलं, ते कायमचंच. धाकटीचा नवरा हौशी गृहस्थ. त्याने कुठूनतरी एक वापरलेला डिजिटल कॅमेरा आणला. त्याच कंपनीचा, नुसता, लेन्सशिवाय.

"लेन्स तर तुमच्याकडे आहेच, ताई. उगाच दुसरी कशाला?"

लेन्स टक्कन बसली. पासपोर्टचे फोटो झकास यायला लागले. ताई खूश होती.

आणि मग सुताराचं कुटुंब आलं. आजी मध्ये खुर्चीवर, मागे मुलगे आणि सुना, पुढे नातवंडं. थोरला मुलगा जहाजावर नोकरीला. पुढच्या आठवड्यात निघाला की वर्षभर घराचं तोंड दिसणार नव्हतं. म्हणूनच हा फोटो. ताईने डोळा लावला तर एका टोकाला थोरला अर्धाच, दुसऱ्या टोकाला धाकट्या सुनेचा फक्त खांदा. ती मागे सरकली. आणखी सरकली. पाठ दाराला टेकली. दार उघडून थेट रस्त्यावर गेली, तर मागून स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले आणि दाराची चौकट फोटोत आली. शेवटी तिने हात टेकले.

"परवा या," ती म्हणाली. "सगळे मावतील."

कसे, ते तिलाही माहीत नव्हतं. जाताना थोरल्याने घड्याळाकडे पाहिलं. ते तिला फार लागलं.

"भिंत पाड," धाकटी म्हणाली. "अंधारखोलीचा आता काय उपयोग? तेवढीच जागा वाढेल."

"अगं, खोली तीच, लेन्स तीच. पूर्वी याहून मोठी कुटुंबं मावायची. मग भिंतीचा काय दोष?"

"मग दोष कुणाचा?"

"तेच बघते."

ताईच्या डोक्यात भुंगा शिरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून त्यात लेन्स बसवली, तिचं तोंड रस्त्याकडे केलं, मागे बटर पेपर ताणून लावला आणि डोक्यावरून काळं कापड ओढून घेतलं. कागदावर उजेडाचं एक गोल चकतीएवढं चित्र उमटलं. समोरचं औषधांचं दुकान, त्याच्या शेजारचं झाड, सायकली, सगळं उलटं.

"बघू," म्हणत धाकटीही कापडाखाली घुसली. रस्त्यापलीकडे तिचा नवरा कुणाशी तरी बोलत उभा होता. "अय्या, हे उलटे झाले की बरे दिसतात!"

ताईला हसायला सवड नव्हती. तिने कार्डाला दोन खिडक्या कापल्या: एक फिल्मच्या चौकटीएवढी, दुसरी कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत सेन्सरचं, म्हणजे फिल्मच्या जागी चित्र झेलणाऱ्या तुकड्याचं, जे माप होतं तेवढी. पहिली चित्रावर धरली, तर दुकान आणि झाड दोन्ही आत. दुसरी धरली, तर झाड गेलं आणि दुकानाची पाटीही अर्धी राहिली.

"हे बघ. लेन्स पूर्वीइतकंच चित्र टाकतेय. झेलणारी खिडकीच लहान झालीय. कडेचं सगळं बाहेर सांडतंय."

"म्हणजे थोरला सांडला?"

"आणि धाकटी सूनसुद्धा."

तिने पट्टीने मोजून पाहिलं. फिल्मची चौकट सेन्सरच्या दीडपट लांब होती. लेन्सचा आकडा जितका लहान, तितकं तिच्यात जास्त मावतं; म्हणजे पन्नासचं काम आता पस्तीसच्या आसपासच्या लेन्सने व्हायला हवं. धाकटीचा नवरा लगेच मित्राची पस्तीसची घेऊन आला; कंपनी दुसरी, पण मधे लावायची कडी सोबत होती.

"बसली की नाही?" तो ऐटीत म्हणाला.

बसली खरी. पण कडीमुळे लेन्स जरा पुढे सरकली होती, त्यामुळे अगदी जवळचंच काय ते स्पष्ट दिसत होतं. त्याने अगदी जवळ येऊन वाकून पाहिलं तेव्हा त्याचं नाक तेवढं स्वच्छ दिसलं. पडद्यापाशी उभी असलेली धाकटी म्हणजे नुसता धुरकट ठिपका.

"बसणं वेगळं आणि चालणं वेगळं," म्हणत ताईने ती काढून त्याच्या हातात ठेवली, पिशवी उचलली आणि कॅमेऱ्याच्या दुकानाची वाट धरली.

दुकानदार तिचा जुना ओळखीचा. त्याने आधी मोठ्या सेन्सरचा कॅमेराच पुढे केला. "याला तुमची पन्नास पूर्वीसारखी चालेल."

"चालेल. पण कॅमेरा मला बदलायचा नाही. याच कंपनीची पस्तीस दाखवा."

त्याने एक छोटीशी लेन्स काढली. "एक सांगून ठेवतो, ताई. ही लहान सेन्सरसाठीच बनवलेली आहे. उद्या मोठा कॅमेरा घेतलात तर बसेल, पण कोपरे काळे येतील."

ताईने क्षणभर विचार केला. "हिचं गोल चित्रच लहान असणार."

"बरोब्बर."

"मग उद्याचं उद्या बघू. मला परवाचा, नाही, उद्याचाच फोटो काढायचाय!"

ठरल्या दिवशी सुताराचं कुटुंब आलं, या खेपेला जरा साशंकच. ताईने आजीची खुर्ची पडद्याजवळ नेली, मागच्यांना खांद्याला खांदा लावायला सांगितलं आणि डोळा लावला. थोरला पुरा होता. धाकटी सून पुरी होती. तिच्या कडेवरच्या बाळाचा एक पायमोजा गळून पडला होता, तोही दिसत होता.

"सगळे आले का हो?" थोरल्याने विचारलं.

"सगळे. आता फक्त डोळे उघडे ठेवा."

तिने चार फोटो काढले. तीन फोटोंत कुणी ना कुणी डोळे मिटले होते, चौथ्यात आजी हसत होती. ताईने तोच निवडला आणि त्याच संध्याकाळी छापून सुताराच्या घरी स्वतः नेऊन दिला. थोरल्याने तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून बॅगेच्या तळाशी ठेवला. आजीने मात्र आणखी एक प्रत मागितली. या एका फोटोवर तिचं भागणार नव्हतं म्हणे, एक तिच्या उशाशीही हवा होता.