मेलेल्या डिस्प्लेवरची रेघ

शुद्धलेखनाच्या चुका आणि वाईट अक्षर सांभाळून घ्या. चौथीच शिकलेय, आणि हे घरच्यांना न सांगता लिहितेय. नाव छापू नका. भूतबीत मी कधी मानलं नाही...

राहते अंबरनाथ पश्चिमेला, काम उल्हासनगर कॅम्प एकला, मोबाईलच्या दुकानात. फुटलेली काच बारीक तारेने डिस्प्लेवरून सोडवायची, नवी चिकटवायची. ओएलईडी डिस्प्ले कागदासारखा पातळ. त्याच्यामागे दिवा नसतो, एकेक ठिपका स्वतःच उजळतो. तार जरा खोल गेली की तो मेला. मग पैसे कारागिराने भरायचे, आणि भरून झाले की मेलेला डिस्प्ले त्याचा — असा आमच्या दुकानाचा रिवाज.

बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे एक काका वारलेल्या बायकोचा फोन घेऊन आले. "तिची गाणी हायेत त्यात. तिच्याच आवाजात." लॉक कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच फोनवर माझी तार खोल गेली. साडेसहा हजार.

दुकानाच्या सेठने नवा डिस्प्ले लावला. "काका, लॉक नहीं खुलेगा. फॉरमॅट मारतो. आतलं सगळं जाईल."

काका म्हणाले, "मारा. नातीला शाळेला तरी व्हईल."

शुक्रवारची दुपार, लाईट गेलेली. मी आत अंधारात बसले होते. समोर मेलेला डिस्प्ले, त्याची करंटची पट्टी कशालाच जोडलेली नव्हती — आणि त्यावर फोनच्या लॉकला असतात तसे नऊ ठिपके उजळले. एक रेघ डावीकडून खाली गेली, तिरपी वर चढली, परत खाली आली. थांबली. पुन्हा तशीच. हात लावला तर गार.

बाहेर सेठ फॉरमॅटची बटणं दाबायला लागला होता. गिऱ्हाइकासमोर मी कधी बोलत नाही.

"सेठ, थांबा. मला द्या."

तीच रेघ ओढली. उघडला.

भातलावणीचं गाणं लागलं, मध्येच खोकला.

"तीच," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तुमची वळख व्हती?"

"नाही."

सेठ हसला. "दीदी, असं लॉक खोललं तर पोलीस घेऊन जाईल तुला." नंतर म्हणाला, जुन्या काचेवर बोटाचा माग दिसला असेल. पण ती काच मीच सकाळी चुरा करून डब्यात टाकली होती...

काय झालं ते अजून कळलेलं नाही. डिस्प्ले दुकानातच माझ्या खणात होता. दर शुक्रवारी लाईट गेली की बघायचे. काळाच.

काल पगारातून शेवटचे पाचशे कापले गेले. साडेसहा हजार पूर्ण फिटले. डिस्प्ले पदरात गुंडाळून मी घरी आणला.