दिशाभूल कोणी केली?

१९५८ सालचा मार्च, पनवेलच्या बाजाराचा दिवस. मी तिथल्या पोलीस ठाण्याची फौजदार. मुद्देमालाच्या खोलीतल्या वस्तूंना ऊन दाखवायला त्या अंगणात मांडत होते. तेवढ्यात कोन गावाकडचा एक शेतकरी तक्रार घेऊन आला. बायको घरातले सोने घेऊन पळाली होती. पाठोपाठ खबर आली, बाजारातल्या एका कोळणीने तिला सकाळी उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचमध्ये चढताना पाहिले. नवरा तिकडे धावला. जमादारही निघाले.

मी आधी कोळणीकडे गेले. तिच्या टोपलीत निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, अजून वळवळत होत्या.

"मावशी, कुठल्या या?"

"आपल्याच खाडीच्या. आज सकालीच चिखलात हात घालून धरल्या."

"मग सकाळी मोऱ्याला कोण होतं?"

तिने टोपलीवर फडके ओढले. म्हणाली, "बाय, तू पोलीस हायस का मासं घेनारी?"

"दोन्ही. चला ठाण्यावर."

दुपारी जमादार धुळीने माखून परतले. "बाईसाहेब, हिने तपासाची दिशाभूल केली. आत टाका."

मी कोळणीला विचारले, "त्याची बायको, ती पोरगी कुठंय?"

"नाय सांगनार. तुमी तिला त्याच्याच हाती द्याल."

"मला आधी तिला बघू दे. न बघता कुणाच्याही हाती देणार नाही."

ती उठली आणि मला घेऊन निघाली. तिच्या झोपडीत जाळ्यांमागे पोरगी बसली होती. पाठीवर तापल्या चिमट्याचे डाग होते. सोन्याचे विचारले, तर म्हणाली, "त्यानंच काढून घेतलं. भाताच्या कनगीत हाय."

दिशाभूल हा शब्द आमच्या कागदांत रोज येई. खोटे बोलणाऱ्या प्रत्येकाला तो सरसकट चिकटवला जाई. मला तेवढे पुरत नाही. शोधणाऱ्याचे पाय भलतीकडे कोणी वळवले, आणि कोणाला वाचवायला, हे पाहावे लागते. कोळणीने एका माणसाला मोऱ्याकडे पिटाळले. त्या माणसाने चोरीची खोटी तक्रार करून अख्खे ठाणे एका भाजलेल्या मुलीच्या मागे लावले. कोळणीचे खोटे मी तिच्या जबाबात लिहिले, कारणासकट. मुलीला डॉक्टरांना दाखवले आणि कोळणीच्या दाराशी शिपाई बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच घेऊन मी त्याच्या घरी गेले. कणगीत कोपरापर्यंत हात घातला. पाटल्या हाताला लागल्या.

"बाईसाहेब, गैरसमज झाला," नवरा म्हणाला.

"जमादार, लिहा. पोलिसांची दिशाभूल."

"कोणाच्या नावापुढे?"

मी पाटल्या पंचांसमोर ठेवल्या आणि नवऱ्याला म्हटले, "नाव सांगा तुमचं."