पाणी मारणारा फुलबॅक

दौंडच्या ग्राउंडवर त्या दिवशी निवडीची हॉकी मॅच होती. चमकलो तर खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी पक्की होती. समोरच्या टीमचा चाळिशीतला फुलबॅक सकाळपासून पाइपनं मुरमावर पाणी मारत होता.

मी म्हणालो, "आप्पा, खेळायला आलात का बागेला पाणी घालायला?"

"दोन्हीबी," तो म्हणाला.

मॅचमध्ये तिघांना चकवून मी उजव्या कोपऱ्यातून आत शिरलो, आणि बॉल टुणकन स्टिकवरून उडाला. ओल्या मुरमावर बॉल सरळ पळतो, कोरड्यावर उसळतो; तेवढाच कोपरा त्यानं कोरडा ठेवला होता. बॉल अडवत तो म्हणाला, "पोरा, कला तुझीच भारी. पर पाणी मी मारलंय."

नोकरी हुकली. कित्येक वर्षं मी त्याला लबाड म्हणत राहिलो. हल्ली शिरूरला पोरांना हॉकी शिकवताना कौशल्यापेक्षा अनुभव मोठा, असं ठासून सांगतो. खरं कारण एवढंच, की आता मला पळवत नाही.