टीव्हीवरची कॉन्स्टेबल आणि जासईच्या हिराबाई

रविवारची सकाळ... पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी दाढीला साबण लावून बसलो होतो आणि दारावर थाप पडली. नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट आहे. दार उघडलं तर लुगडं नेसलेली एक पन्नाशीची बाई आणि तिच्यामागे विशीची मुलगी.

"कॉन्स्टेबल ताई हायेत का घरात?"

मी मनात म्हटलं, झालं, आली आणखी एक...

त्याचं असं होतं की माझी बायको नीला, शाळेत शिक्षिका. हौशी नाटकांतून कामं करता करता तिला दूरदर्शनवरच्या एका पोलिसांच्या मालिकेत लेडी कॉन्स्टेबलचं काम मिळालं. एका भागात जेमतेम चार वाक्यं, पण आठवड्यातून एकदा सगळं पनवेल तिला बघायचं.

आणि लोक तरी काय एकेक... भाजीवाली विचारायची, "तो इन्स्पेक्टर तुमचं ऐकत कसा नाही हो?" एका रिक्षावाल्याने तर हिला बघून न मागता लायसन काढून दाखवलं. माझ्या ऑफिसात रोज चौकशी, "काय, घरी पण दम देतात का?" मी वरवर हसायचो. खरं सांगायचं तर थोडं जळायचोही.

तर या बाई जासईच्या, हिराबाई. मागे उभी होती ती त्यांची लेक सुगंधा. सासरच्यांनी तिला चार दिवसांपूर्वी घराबाहेर काढलं होतं आणि तिची आठ महिन्यांची मुलगी मात्र ठेवून घेतली होती. अंगावर पिणारं पोर... सुगंधा नुसती पदर चाचपत उभी होती.

दोनदा पोलिसांत जाऊन आल्या होत्या. घरगुती मामला आहे, आपसात मिटवा, असं सांगून दोन्ही वेळा परत पाठवलेलं. कुठलं पोलीस स्टेशन ते लिहीत नाही, आता उगाच कुणाला बोल नको.

मी शहाणपणा केला. म्हटलं, "अहो बाई, ही खरी पोलीस नाही. ते नुसतं काम आहे टीव्हीतलं."

हिराबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या साबण लावलेल्या तोंडाची लाज वाटली.

"ठाव हाय मला. शालेत शिकवतात त्या. पन तिथले समदे पोलीस टीवी बगतात. आमाला दोन येल गेलो तरी कोनी बस नाय बोलला. ह्यांना बस बोलतील... मंग आमचा पन ऐकतील."

आता बोला. मी त्यांना भोळ्या समजत होतो आणि त्या सगळा हिशेब करूनच जासईहून एसटीने आल्या होत्या.

नीला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी तिला आत नेऊन हळूच सांगितलं, "नसत्या भानगडीत पडू नकोस. उद्या ते सासरचे आपल्या दारात येतील." तिने गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि निघाली. मीही तोंड वाकडं करून मागोमाग.

आणि हिराबाई म्हणाल्या तस्सं झालं... पोलीस स्टेशनात पाऊल टाकल्याबरोबर कुजबूज सुरू, कुणीतरी खुर्ची पुसून दिली, कुणीतरी चहा सांगितला. एकाने तर हिला सांगितलं की तुमचा सॅल्यूट चुकतो.

तक्रारी लिहून घेणारे हवालदार मात्र जागचे उठले नाहीत. मग एकदम म्हणाले, "मॅडम, तुमच्या मालिकेतला हवालदार कायम डुलक्या का काढतो? कुठलाही भाग बघा, टेबलावर डोकं आणि घोरतोय. माझी पोरं मला बघून हसतात."

बाकीचे खो खो हसले. ते हसले नाहीत. माणूस खरंच दुखावलेला होता.

नीला खुर्चीतून उठली. हिराबाईंना हाताला धरून त्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. आमच्या लेखकाने हवालदाराला काम करताना बघितलंच नसणार. मी त्यांना सांगते... पण मी आज इथे काय बघितलं म्हणून सांगू?"

मला वाटलं, आता आपल्यालाच आत बसवतात.

हवालदारांनी एकदा सुगंधाकडे बघितलं. मग कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं. "बोला मावशी. पहिल्यापासून सांगा." अर्धा तास लिहीत होते, मधे एकदाही मान वर केली नाही. लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं, अंगठा घेतला आणि साहेबांना विचारून स्वतःच सुगंधाला घेऊन जीपमध्ये बसले.

आम्ही तिथेच बाकावर थांबलो. दुपारी चारच्या सुमाराला जीप आली आणि सुगंधा पोरीला छातीशी धरून उतरली. भिंतीकडे तोंड करून तिथेच जमिनीवर बसली आणि तिला पाजायला घेतलं. हिराबाई पदर धरून आडोसा करून उभ्या राहिल्या. हवालदार दुसरीकडे बघत डोळे पुसत होते आणि मीही.

पुढे नीलाने खूप कामं केली. बक्षिसं मिळाली, कपाटात जागा उरली नाही. मला त्यांचं कौतुक आहेच, पण माझी मान ताठ होते ती त्या रविवारच्या आठवणीने.

हा किस्सा ती अजून सांगते, नातेवाइकांत, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींत... आणि प्रत्येक वेळी म्हणते, "आम्ही दोघं लगेच निघालो." मी तिला अडवलं होतं, हे इतक्या वर्षांत तिने एकदाही कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आज मीच सांगतोय.