बघणारा दादूस

आश्चर्य वाटलं की ते लपवायचं असतं, हे दादूसला कुणी शिकवलंच नव्हतं. साठीचा माणूस, गळ्यात बोटभर जाडीची सोन्याची चेन, शिरवणे गावात स्वतःची तीन मजली इमारत. पण स्क्रीनवर एखादा ढग सरकला की याचं तोंड उघडं ते उघडंच. त्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही दहा-बारा जण एक ऑनलाइन गेम बनवत होतो आणि दादूस आमचा घरमालक होता. घरमालक दारात दिसला की भाडेकरू भाड्याची तारीख आठवू लागतो. आमचा घरमालक मात्र चपला बाहेर काढून, हात पाठीमागे बांधून, देवळात आल्यासारखा आत यायचा आणि मला विचारायचा, "बाय, आज नवीन काय उगवला?"

यायचं निमित्त ठरलेलं असे. "पान्याची मोटर बगाला आलो व्हतो," असं तो सांगायचा. मोटर तळमजल्यावर, जिन्याखाली होती. दुसऱ्या मजल्यावरून ती कशी दिसते, हे त्याला विचारायचा आगाऊपणा आमच्यातल्या कुणीही केला नाही. उलट चार वाजले आणि तो आला नाही, तर आमचे साहेबच उठून दाराकडे बघायचे.

आमच्या गेममध्ये एक किनारा होता आणि त्यापुढे समुद्र. कुठकुठले खेळाडू आपापल्या होड्या घेऊन एकाच पाण्यात उतरणार, मासळी धरणार, वादळात अडकलेल्याला ओढून काढणार, असा बेत होता. गेम पुरा व्हायला अजून अवकाश होता. तोवर लोकांना चव कळावी म्हणून अधूनमधून दोन-तीन मिनिटांची झलक आम्ही नेटवर टाकत असू. खाली येणाऱ्या प्रतिक्रिया वाचायच्या आणि गोड बोलून उत्तरं द्यायची, हे माझं काम. पगार घेऊन शिव्या खायची नोकरी, असं माझी आई म्हणायची.

पहिली झलक टाकली त्या दिवशी तर शिव्यांचा पाऊसच पडला. "हे पाणी आहे की जेली?" "होडी चालतेय की रिक्षा?" "हा गेम माझ्या नातवंडांना खेळायला मिळेल." ज्याने ते पाणी महिनोन्‌महिने खपून रंगवलं होतं, तो आमचा चित्रकार सचिन मान खाली घालून बसला होता. दादूस म्हणाला, "मना वाचून दाखव. सगला वाच, गालू नको काय." मी वाचलं. मला वाटलं होतं, तो तापेल. तो सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाला, "आमच्यात नवी होरी पान्यात घातली का आख्खा गाव बगाला येतो. त्या दिशी कुनी नावं ठेवत नाय. नुसता बगायचा, नारल फोरायचा, घरी जायाचा. होरीची खोट कारायची ती दुसऱ्या दिशी." मग माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाला, "या पोरांना कुनी सांगितलेला नाय, त्यांचा काय चुकला?"

तेव्हापासून आमच्या ऑफिसातही तो नियमच झाला. कुणी नवीन काही दाखवलं की पहिल्या दिवशी फक्त काय दिसलं तेवढंच बोलायचं, बाकी उद्या. आयटीतल्या माणसांना गप्प बसायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण देणं, पण जमलं. गंमत अशी की निम्म्या खोटी दुसऱ्या दिवसापर्यंत खोटी राहतच नसत. आणि ज्या राहत, त्या खऱ्या असत.

एक खेळाडू होता, प्रत्येक झलकेखाली न चुकता 'फसवणूक' एवढा एकच शब्द लिहायचा. मी त्याला ब्लॉक करायच्या बेतात होते. दादूस म्हणाला, "ह्यो सारखा येतो नं? मंग सगल्यांत जास्ती जीव ह्याचाच हाय तुमच्यात. ज्याला काय परलेली नसते तो येत नाय, बाय." मी त्या गृहस्थाला आमचा अर्धवट गेम आतून तपासायचं आमंत्रण धाडलं. तो नाशिकचा एक बँकवाला निघाला आणि पुढे आमच्या चाचणीवाल्या खेळाडूंत सगळ्यात मायाळू ठरला. माणसं ओळखायची ही विद्या मला कुठल्याही कोर्समध्ये मिळाली नसती, हे मी मोकळेपणाने सांगते.

दुसऱ्या झलकेच्या वेळी आमच्याकडून घोळ झाला. पडद्यावर झलक चालवून तिला समुद्राचे आवाज जोडताना खोलीतला माइक चालूच राहिला आणि घाईत कुणी शेवटची फाईल ऐकलीच नाही. झलक जगजाहीर झाली. पडद्यावर खडकांमागे सूर्य कलतो, पहिली मोठी लाट होडीखाली शिरते आणि पाठीमागून दादूसचा आवाज येतो, "आयला! ह्ये बग, ह्ये बग! उचालली रं, लाटेनी उचालली!" साहेबांनी कपाळावर हात मारला. झलक काढून टाकायला मी धावले, तर खाली प्रतिक्रियांचा पूर. "हे काका कोण?" "गेम राहू द्या, काका पाठवा." आणि एका मुलीने लिहिलं होतं, "मी आधी आवाज बंद करून बघितलं, तेव्हा काही वाटलं नाही. काकांसोबत बघितलं, तेव्हा लाट दिसली."

ते वाक्य वाचून मला भरून आलं. आम्ही ती लाट शेकडो वेळा बघितली होती. तिची उंची, तिचा फेस, तिने कॉम्प्युटरवर टाकलेला भार, सगळं आम्हाला तोंडपाठ होतं. ती बघायची मात्र राहून गेली होती.

साहेब धंदेवाईक माणूस. तिसऱ्या झलकेला त्यांनी दादूसला रीतसर माइकसमोर बसवलं आणि कुठे काय उद्गार काढायचे ते समजावलं. दादूस इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. चित्र सुरू झालं, संपलं, आणि हा ढिम्म. पुन्हा लावलं, पुन्हा ढिम्म. शेवटी घाम पुसत म्हणाला, "साहेब, ह्या मी काल बगितलेला हाय. सांगून काय आच्चर्य वाटता काय? आदी नवीन काय तरी दाखवा, मंग बोलतो." साहेबांनी मुकाट्याने माइक बंद केला.

एवढं सगळं बघणारा हा माणूस स्वतः खेळायला मात्र तयार नसे. चाचणीसाठी कितीदा गेमचा रिमोट पुढे केला, तरी हात मागेच. एकदा मी हट्टच धरला, तेव्हा त्याने सांगितलं. तो लहान असताना त्याच्या वडिलांनी अंगणात स्वतःची होडी बांधायला घेतली होती. ती अर्धी झाली आणि खाडीकाठी भराव पडला, शहर आलं. होडी उतरवायला पाणीच उरलं नाही. "बापाशीनी सांगितलेला, पुरी झाली का पयला तुला बसवनार. मंग आता तुमचीच पुरी व्हऊं दे. उतरली का पयला मीच बसनार. तवर मी नुसता बगनारा." म्हणूनच तो दर आठवड्याला विचारायचा, "कवा पुरी व्हनार?" आणि आम्ही म्हणायचो, "होईल, दादूस."

झाली नाही. पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि गेम बंद करायचा निर्णय आला. शनिवारी संध्याकाळी सर्व्हर थांबणार होता. दादूसला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शिव्या ऐकायची सवय होती मला, पण खाली त्याच्या घरी जाताना मी तो जिना एकेक पायरी मोजत उतरले. त्याने ऐकलं.

"मंग पुरी व्हनारच नाय?"

"नाही, दादूस."

"मंग शनवारी बसतो," तो म्हणाला.

शनिवारी दुपारी तो वर आला तो एकटा नव्हे. त्याची बायको, म्हणजे आमच्या काकू, दोन सुना, शेजारपाजार, सगळे. दाराबाहेर चपलांचा ढीग. आमच्या चाचणीवाल्या खेळाडूंना मी कळवलं होतं, तेही आपापल्या घरून होड्या घेऊन बंदरात येऊन थांबले होते. दादूसने रिमोट हातात घेतला, कपाळाला लावला आणि होडी काढली. रिमोट पहिल्यांदाच हातात, त्यामुळे होडी कधी डावीकडे जाई, कधी उजवीकडे. कुणी हसलं नाही. "काकांना वाट द्या," असे संदेश येत होते, ते मी मोठ्याने वाचत होते. लाट आली, होडी उचलली गेली आणि काकूंनी शेजारणीचा हात घट्ट धरला. दादूस खडकांच्या पलीकडे गेला, तिथूनही पुढे गेला, आणि मग समुद्र संपला.

त्यापुढे आम्ही काही बनवलंच नव्हतं. पाणी नाही, आभाळ नाही, गिलावा न केलेल्या भिंतीसारखा नुसता करडा रंग. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सचिन पुढे होऊन म्हणाला, "दादूस, वळवा. इथून पुढे काही नाहीये."

दादूसने वळवली नाही. रिमोट मांडीवर ठेवून तो त्या करड्या रंगाकडे बघत राहिला. मागून आलेल्या होड्याही एकेक करून त्याच्या बाजूला येऊन थांबल्या.

"ह्या सगला करायचा व्हता?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"पार त्या टोकापरयंत?"

"त्याच्याही पुढे," सचिन म्हणाला.

आम्हाला तिथे आमचं हरणं दिसत होतं. दादूसचं तोंड हळूहळू उघडलं, पहिल्या दिवशी उघडलं होतं तसंच, आणि तो आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आयला... केवरा मोठा दर्या करनार व्हते रं तुमी!"